मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची दृष्टी : वाचकांचे प्रश्न

मोतीबिंदूविषयी या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे शस्त्रक्रियेच्या आधीची असतात. या वेळी निवडलेली पत्रे मात्र शस्त्रक्रिया होऊन काही महिने किंवा काही वर्षे लोटलेल्या वाचकांची आहेत. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. नजर पुन्हा मंदावली, की काही जण तो वयाचा दोष मानून गप्प बसतात, तर काही जण शस्त्रक्रियाच फसली असे धरून चालतात. या दोन्ही समजुतींपायी उपचाराची वेळ निघून जाऊ शकते, म्हणून ही उत्तरे जरा विस्ताराने देत आहे. बसवलेले भिंग सहसा बिघडत नाही. परंतु त्याच्या पुढचा, मागचा आणि भोवतालचा डोळा जिवंत असतो आणि त्याचे वय वाढतच राहते. नजर मंदावण्याचे मूळ डोळ्याच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, हे बहुतेक वेळा तपासणीत शोधता येते, आणि त्यातील बऱ्याच कारणांवर आज चांगले उपचार आहेत.

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पहिली तीन वर्षे उत्तम दिसत होते. आता उजव्या डोळ्यासमोर धुके असल्यासारखे वाटते आणि रात्री समोरून येणाऱ्या वाहनांचे दिवे पसरलेले दिसतात. मोतीबिंदू पुन्हा झाला असेल का? भिंग बदलावे लागेल का?

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच आहे. डोळ्यातील नैसर्गिक भिंगाला आलेला गढूळपणा म्हणजे मोतीबिंदू. ते भिंगच काढून टाकल्यावर गढूळ व्हायला काही उरत नाही, त्यामुळे मोतीबिंदू त्याच डोळ्यात पुन्हा होत नाही. काही वर्षे स्वच्छ दिसल्यानंतर हळूहळू येणारे धुके आणि दिव्यांचे पसरणे ही लक्षणे बहुतेक वेळा कृत्रिम भिंगाच्या मागे असलेले पातळ आवरण गढूळ झाल्याची असतात.

हे आवरण मागे ठेवलेच का जाते, ते समजून घेण्यासारखे आहे. नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असते. शस्त्रक्रियेत या पिशवीला पुढच्या बाजूने गोल तोंड पाडून आतला गढूळ भाग काढतात आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. अभ्रा तसाच ठेवून उशीतला जुना कापूस काढावा आणि नवा भरावा, तसाच हा प्रकार आहे. पिशवी शाबूत राहिली, तरच भिंगाला पक्का आधार मिळतो आणि डोळ्याच्या मागील पोकळीतला जेलीसारखा पदार्थ पुढे येत नाही. मात्र पिशवीला आतून चिकटलेल्या काही सूक्ष्म पेशी कितीही काळजीपूर्वक स्वच्छ केल्या, तरी थोड्याफार शिल्लक राहतातच. पुढे महिन्या-वर्षांनी त्या वाढू लागतात, मागच्या आवरणावर पसरतात, कधी तेथे मोत्यांसारखे पुंजके करतात, तर कधी आवरणाला सुरकुत्या पाडतात. मध्यभागी या आवरणाची जाडी अवघी चार मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे अडीचशेव्या भागाइतकी असते. पण ते प्रकाशाच्या वाटेत बरोबर मधोमध असल्यामुळे त्यावरचा थोडा गढूळपणाही जाणवतो.

जुन्या भिंगांच्या काळातील अनेक अभ्यास एकत्र केले असता पाच वर्षांत सुमारे २८ टक्के डोळ्यांमध्ये हा प्रकार आढळला होता. आजच्या भिंगांची मागची कड काटकोनी ठेवलेली असते, त्यामुळे या पेशींची वाट अडते आणि हे प्रमाण कमी झाले आहे, तरी ते नाहीसे झालेले नाही. कमी वयात शस्त्रक्रिया झालेल्यांच्या डोळ्यांत पेशींची वाढ अधिक जोमाने होते, आणि लहान मुलांमध्ये तर ती इतकी हमखास होते, की त्यांच्याबाबतीत शस्त्रक्रियेच्या वेळीच त्याचा बंदोबस्त करण्याचा विचार करावा लागतो.

यावरचा उपचार म्हणजे याग लेसर. १९८० च्या दशकाच्या आरंभी हा लेसर वापरात आला; त्यापूर्वी हे आवरण छेदण्यासाठी डोळ्यात पुन्हा शस्त्र घालावे लागत असे. आता बाहुली मोठी करणारे आणि बधिर करणारे थेंब घालून यंत्रासमोर बसल्या बसल्या काही मिनिटांत गढूळ आवरणाच्या मध्यभागी एक छोटी खिडकी पाडली जाते. छेद नाही, टाका नाही, आणि भिंगाला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. एकदा पाडलेली ही खिडकी प्रौढ व्यक्तीच्या डोळ्यात सहसा पुन्हा बुजत नाही. लेसरनंतर काही दिवस ते काही आठवडे डोळ्यासमोर बारीक ठिपके तरंगतात आणि हळूहळू कमी होतात. पहिल्या काही तासांत डोळ्याचा दाब वाढू शकतो, त्यामुळे काचबिंदू असल्यास तसे आधीच सांगावे. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा पडदा, सुटणे किंवा त्याच्या मध्यभागाला सूज येणे हे धोके थोडे असले, तरी ते आहेत.

म्हणूनच घाईने लेसर करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आवरण थोडे गढूळ दिसते, एवढे कारण पुरेसे नाही. आपल्याला होणारा त्रास त्या गढूळपणाशी जुळतो का आणि दृष्टिपटल तपासले आहे का, हे आधी विचारावे. आणखी एक बाब क्वचितच रुग्णांच्या कानावर घातली जाते. दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारे बहुकेंद्री भिंग बसवलेल्या ज्या व्यक्तीला पहिल्या दिवसापासूनच दिव्यांभोवती कडी दिसत होती आणि जिच्या मनात भिंग बदलून घेण्याचा विचार आहे, तिने तो निर्णय लेसरच्या आधी करावा. मागच्या आवरणाला खिडकी पाडल्यानंतर भिंग बदलणे बरेच अवघड आणि जोखमीचे होते. आपल्याला तीन वर्षे उत्तम दिसत होते, त्यामुळे ही अडचण आपल्याला येण्याचे कारण दिसत नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांना बरीच वर्षे मधुमेह आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिला महिना त्यांना छान दिसले, पण दीड महिन्याने त्याच डोळ्याने अक्षरे पुसट दिसू लागली. डॉक्टर म्हणतात, भिंग व्यवस्थित आहे, पडद्याला सूज आहे. शस्त्रक्रियेत काही चूक झाली असेल का?

उत्तर : सूज आली म्हणजे चूक झाली, असे समजू नका. दृष्टिपटलाच्या मध्यभागी, ज्या छोट्याशा जागेने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तेथे शस्त्रक्रियेनंतर काही जणांना सूज येते, आणि ती साधारण चार ते बारा आठवड्यांच्या काळात लक्षात येते. अगदी निर्दोष शस्त्रक्रियेनंतरही हे घडू शकते, कारण डोळ्यात झालेल्या हाताळणीमुळे दाह निर्माण करणारी द्रव्ये सुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो. मधुमेह असलेल्यांच्या रक्तवाहिन्या आधीच कमकुवत झालेल्या असतात, त्यामुळे त्यांना याचा धोका अधिक असतो.

ओसीटी नावाच्या तपासणीत दृष्टिपटलाचे थर स्पष्ट दिसतात, सूज मोजता येते आणि ती शस्त्रक्रियेमुळे आलेली आहे, की मधुमेहामुळे, याचाही अंदाज बांधता येतो. पहिल्या प्रकारात दाह कमी करणारे थेंब काही आठवडे ते काही महिने वापरल्यावर बहुतेकांची सूज ओसरते. दुसऱ्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शने द्यावी लागू शकतात. ती एका इंजेक्शनात संपत नाहीत, ठरावीक अंतराने घ्यावी लागतात, आणि या टप्प्यावर कंटाळून उपचार सोडणाऱ्यांचे मला मनापासून वाईट वाटते, कारण वाचवता येण्यासारखी नजर त्यात हातची जाते. वडिलांचे थेंब मध्येच बंद होणार नाहीत आणि रक्तातील साखर व रक्तदाब दोन्ही आटोक्यात राहतील, याकडे आपण लक्ष द्यावे. मधुमेहींनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टिपटलाची तपासणी आयुष्यभर चालू ठेवायची असते. गढूळ भिंग दूर झाल्यामुळे आता ती अधिक नीट करताही येते.

प्रश्न : डोळ्यात बसवलेले भिंग किती वर्षे टिकते? खोक्यावर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते, ती उलटल्यावर काय होते?

उत्तर : ती तारीख बंद वेष्टनातील भिंग कधीपर्यंत निर्जंतुक मानायचे, यासाठी असते. भिंग डोळ्यात बसले, की त्या तारखेचा काही संबंध उरत नाही.

भिंग आयुष्यभर राहावे, याच हेतूने बनवलेले असते. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिले कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचेसारख्या प्लॅस्टिक आवरणाचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि तरीही डोळ्याने ते फारशी कुरकुर न करता सामावून घेतल्याचे रिडलींनी पाहिले होते. त्याच जातीच्या पदार्थाचे भिंग त्यांनी वापरले. त्यांच्या काळात या कल्पनेला कडवा विरोध झाला, आणि आज जगभर हीच पद्धत रूढ आहे. नंतर घडी घालून लहान छेदातून आत सरकवता येणारी मऊ भिंगे आली. पदार्थ बदलले, पण टिकाऊपणाची अपेक्षा तीच राहिली.

क्वचित प्रसंगी भिंग खराब होत नाही, तर जागेवरून सरकते. ज्या बारीक तंतूंनी पिशवी डोळ्यात टांगलेली असते, ते वर्षानुवर्षे सैल होत गेले, तर भिंगासकट पिशवी खाली उतरते. डोळ्यात पांढुरका भुसा साचण्याचा विकार असलेले, डोळ्याला मार लागलेले, जास्त उणे नंबर असलेले किंवा दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया झालेले लोक यांना ही शक्यता अधिक असते, आणि ती बरीच वर्षे उलटल्यावरही उद्भवू शकते. एकाच डोळ्याने दोन प्रतिमा दिसणे, भिंगाची कड मध्ये आल्यासारखी वाटणे किंवा नंबर अचानक बदलणे ही त्याची चिन्हे आहेत. भिंग पुन्हा टाके घालून बसवता येते किंवा बदलता येते. शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले, भिंगाचा प्रकार आणि शक्ती लिहिलेले कार्ड अशा वेळी फार उपयोगी पडते. ते इतर महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवावे.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा आहे. मला पूर्वी मोठा उणे नंबर होता. दीड वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झाली. गेल्या तीन दिवसांपासून डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखी वाटते आणि काळे ठिपके एकदम वाढले आहेत. पुढच्या महिन्यात तपासणी आहेच, तोवर थांबू का?

उत्तर : थांबू नका. पत्र हाती येताच आपल्याला तसे कळवले आहे, परंतु अशी लक्षणे असलेल्या प्रत्येक वाचकासाठी येथे पुन्हा लिहितो : अचानक वाढलेले काळे ठिपके, प्रकाशाच्या चमका आणि बाजूने पडदा सरकत आल्यासारखी सावली यांपैकी काहीही जाणवले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

डोळ्याच्या पोकळीतील जेली वयाबरोबर आकसते आणि दृष्टिपटलापासून सुटते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हे लवकर घडू शकते. सुटताना तिने दृष्टिपटलाला ओढून छिद्र पाडले, तर त्यातून द्रव मागे शिरून दृष्टिपटल सुटू लागते. जास्त उणे नंबरच्या डोळ्याची लांबी अधिक आणि दृष्टिपटल पातळ असते. त्यात वय तुलनेने कमी आणि व्यक्ती पुरुष असेल, तर धोका आणखी वाढतो, आणि शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षे तो टिकून राहतो. नुसते छिद्र पडलेले असताना त्याच्या भोवती लेसर करून बहुधा काम भागते. दृष्टिपटल सुटले असले, तरी मध्यभाग अजून चिकटलेला असताना शस्त्रक्रिया झाली, तर नजर चांगली राहण्याची आशा बरीच जास्त असते. मध्यभाग सुटल्यावर मात्र शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही पूर्वीची स्पष्टता अनेकदा परत मिळत नाही. वेदना मुळीच होत नाहीत, आणि म्हणूनच माणूस थांबतो.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाल्यावर दूरचा चष्मा सुटला होता. आता गेल्या वर्षभरात तीनदा नंबर बदलला, तरी समाधान होत नाही. सकाळी तर फारच अंधूक दिसते.

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आधी नंबराविषयी सांगतो. भिंगाची शक्ती बदलत नाही, पण डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक भागाची, म्हणजे कॉर्नियाची वक्रता वयानुसार हळूहळू बदलते आणि त्यामुळे पाच-दहा वर्षांत थोडा तिरपा नंबर येणे स्वाभाविक आहे. त्यासाठी चष्मा पुरतो. परंतु वर्षात तीन चष्मे होऊनही स्पष्ट दिसत नसेल, तर चौथा चष्मा करण्याऐवजी कारण शोधायला हवे.

अंधूकपणा दिवसाच्या कोणत्या वेळी येतो, यावरून पुष्कळ कळते. वाचता वाचता अक्षरे पुसट होत असतील आणि पापण्या मिटून उघडल्यावर क्षणभर स्वच्छ दिसत असेल, तर डोळ्यांच्या कोरडेपणाचा संशय घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर तो अनेकांना जाणवतो, आणि कोरड्या डोळ्यावर मोजलेला नंबरही दर वेळी वेगळा येतो. सकाळी उठल्यावर सर्वांत अंधूक आणि दुपारपर्यंत निवळत जाणारी नजर मात्र कॉर्नियाच्या आतल्या थराकडे बोट दाखवते. या थरातील पेशी कॉर्नियातील पाणी सतत बाहेर टाकून तो पारदर्शक ठेवतात. रात्रभर पापण्या मिटलेल्या असल्याने बाष्पीभवन होत नाही, पाणी साचते, आणि पेशी कमी पडत असतील तर सकाळी धुके दिसते. प्रौढ डोळ्यात या पेशी दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० असतात. मेलेल्या पेशींच्या जागी माणसाच्या डोळ्यात नव्या येत नाहीत, शेजारच्या पेशी पसरून ती जागा भरतात. वयाने त्या कमी होतात, शस्त्रक्रियेतही थोड्या खर्च होतात, आणि काही घराण्यांत त्या मुळातच लवकर झिजण्याचा विकार असतो. या पेशींची मोजणी सोपी आणि वेदनारहित आहे, ती आपण करून घ्यावी. सुरुवातीला क्षारयुक्त थेंबांनी बरे वाटते, आणि गरज पडलीच, तर आता संपूर्ण कॉर्निया न बदलता फक्त आतला थर बदलण्याची शस्त्रक्रिया करता येते.

प्रश्न : एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. त्या डोळ्याने पांढरा रंग निळसर दिसतो, दुसऱ्याने पिवळट. हे कायम राहील का?

उत्तर : निळसर वाटणारा डोळाच आता खऱ्या रंगाच्या अधिक जवळ आहे. वयाबरोबर नैसर्गिक भिंग पिवळे-तपकिरी होते आणि निळा प्रकाश अडवते. मेंदूला त्याची सवय झालेली असते. काही आठवडे ते काही महिन्यांत नव्या रंगांचीही सवय होते, आणि दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर हा फरक नाहीसा होतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली, तेव्हा कृत्रिम भिंगे नव्हती. जाड चष्मा लावून त्यांना रंगांतील या फरकाचा फार मनस्ताप झाला आणि डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्यांनी करूनच घेतली नाही. आपण तसे करू नये, एवढीच विनंती.

प्रश्न : माझे वय ८० आहे. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन नऊ वर्षे झाली. मला काहीच त्रास नाही. तरीही मुलगी दर वर्षी तपासणीचा आग्रह धरते. त्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : मुलीचे ऐकावे, असेच मी सांगेन. नऊ वर्षांनंतरही आपली नजर चांगली आहे, हे नवलाचे नाही. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा लाभ वर्षानुवर्षे टिकतो. पुढे ज्यांची नजर खूप उतरते, त्यांच्यात बहुतेक वेळा कारण भिंगाशी संबंधित नसते, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागाची वयोमानाने होणारी झीज किंवा काचबिंदू असा वेगळाच आजार असतो.

काचबिंदूत नजर कडेकडेने जाते आणि मध्यभाग शेवटपर्यंत स्पष्ट राहू शकतो, त्यामुळे बराच काळ त्रास जाणवतच नाही. गेलेली नजर मात्र परत येत नाही. दृष्टिपटलाच्या झिजेचा एक प्रकार असा आहे, की त्यात नाजूक रक्तवाहिन्या फुटून काही दिवस-आठवड्यांतच नजर जाऊ शकते, आणि त्यावरची इंजेक्शने लवकर सुरू झाली तरच चांगला उपयोग होतो. म्हणून वार्षिक तपासणीबरोबर आठवड्यातून एकदा घरीही पाहावे : वाचनाचा चष्मा लावून एक डोळा तळहाताने झाकावा, दुसऱ्याने चौकटींच्या कागदाकडे पाहावे, आणि मग डोळा बदलावा. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मध्येच डाग दिसला, तर वार्षिक तपासणीची वाट पाहू नये. डोळे एकेक करून तपासण्याचे कारण असे, की दोन्ही उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव इतकी भरून काढतो, की ती महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

तपासणीला जाताना भिंगाचे कार्ड, चालू औषधांची यादी आणि सध्याचा चष्मा बरोबर न्यावा. बाहुली मोठी करून दृष्टिपटल पाहण्याचा आग्रह आपण स्वतः धरावा. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून गडद चष्मा जवळ ठेवावा आणि त्या दिवशी मुलीला सोबत न्यावे.